माणिकबाईची पंगत

बुधवार, ६ फेब्रुवारी १९४६. अमरावती.
सकाळी थंडी. नळाला पाणी उशिरा आले. पुंजाराम गवळ्याला दुधात पाणी घातल्याबद्दल बोलले, तर तो म्हणाला म्हैसच पातळ देते. आमच्या उद्धवचे पत्र नाही. दुपारी सत्यभामा अकोल्याहून आली, जेवली. माणिकबाई गेल्या आठवड्यात बार्शीटाकळीला वारली असे तिने सांगितले. चारच्या मोटारीने परत गेली.

एरवी मी एवढ्यावर डायरी मिटली असती. पण सत्यभामा पानावर बसली असताना जे बोलली ते डोक्यातून जाईना. भातात वरण कालवता कालवता ती म्हणाली, "मेली एकदाची."

मी विचारले, "वाईट वाटलं का गं?"

"वाईट? काकू, तिनं मला जेवढं छळलं तेवढं माझ्या सासूनंही छळलं नव्हतं." मग तिने आणखी वरण मागून घेतले आणि खाली मान घालून म्हणाली, "तिच्यावर कोणी काही लिहिणार नाही. तुम्ही लिहा. फक्त गोड करू नका. ती गोड नव्हती."

ती अट माझ्या सोयीचीच होती, कारण मला माणिकबाई कधीही आवडली नाही.

आमच्या गावात बायकांचा एक दवाखाना होता. त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. माझे यजमान वकिली करीत, म्हणून मला त्या दवाखान्याच्या कमिटीवर घेतले होते, आणि लहानपणी मी नागपूरला कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून स्वच्छतेचे खाते माझ्याकडे दिले होते. दर शुक्रवारी नर्सबायांची खानावळ पाहायला मला जावे लागे. त्या खानावळीत माणिकबाई स्वयंपाकाला होती.

ती बार्शीटाकळीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरची सून. मूल झाले नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली. हिला कोणी मारले नाही, कोणी हाकललेही नाही. फक्त तिचे ताट गोठ्यात जाऊ लागले आणि घरातले कोणी तिच्याशी बोलेनासे झाले. असे तिने किती काळ काढले ते मला माहीत नाही. एके दिवशी ती लोखंडी परात डोक्यावर घेऊन निघाली, अमरावतीला आली, आधी जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला राहिली आणि मग दवाखान्यात आली. हे मला तिने सांगितले नाही. तिने मला कधीच काही सांगितले नाही. बार्शीटाकळीच्या एका रोगी बाईकडून मला हे कळले.

दिसायला उंच, हाडकुळी, कपाळावर कायम आठी. हातात उलथने नसले तरी ते असल्यासारखा हात हलवायची. डॉक्टरीणबाईंच्या कुत्र्यापासून कमिटीच्या अध्यक्षीणबाईंपर्यंत तिच्या तोंडातून कोणी सुटलेले नव्हते. मी एकदा म्हटले, "माणिकबाई, भांड्यांवर जाळी झाका, माशा बसतात."

"वकिलीनबाई," ती म्हणाली, "माशा तुमच्या जाळीले भेत नाहीत, माह्या तोंडाले भेतात. पाहा, हाय का एक तरी?"

खरोखर एकही नव्हती. मी चिडून घरी आले.

तिच्या खानावळीचा एक नियम होता. जेवायचे ते पंगतीत. नर्सबाया जातीजातीच्या होत्या, पण दवाखान्याच्या कामात कोणाचे सोवळे उरत नसे, त्यामुळे सगळ्यांचे पाट एका ओळीत मांडले जात. कोणाचे ताट खोलीत जायचे नाही. तापाने फणफणलेली असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरीणबाईंनी एकदा आपल्या मर्जीतल्या नर्सबाईसाठी ताट मागवले, तेव्हा माणिकबाईने ते रिकामेच पाठवले होते.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतले तो सांगते. साल १९३४. महालक्ष्म्या होऊन गेल्या होत्या आणि हिवतापाने वॉर्ड भरला होता. दर्यापूरकडच्या एका खेड्यातून पार्बताबाई नावाची सासू आपल्या सुनेला बैलांच्या दमणीतून घेऊन आली. सुनेचे नाव गोदावरी. लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर तिला दिवस गेले होते, चौथा महिना होता आणि ताप उतरत नव्हता. तिला पाच नंबरची खाट दिली. शेजारी सहा नंबरवर तिवश्याची एक बाई होती. तिचा गर्भ आधीच पडून गेला होता आणि रक्त थांबत नव्हते. पाच नंबरला तापाचे औषध आणि सहा नंबरला गर्भाशय आखडून रक्त थांबवणारे औषध, असे कंपाउंडरने नंबर टाकून पेले भरले होते.

त्याच दिवशी सकाळी पाच नंबरच्या खाटेवर एक बाई दगावली होती. खाट धुतली होती, गादी उन्हात टाकली होती. पण आयाने ते पार्बताबाईला सांगितले आणि ती हबकली. मेलेल्या बाईच्या खाटेवर आपली पोटुशी सून निजवायची? आमच्या वऱ्हाडात कोणतीही सासू हे करणार नाही. नर्सबाया जेवायला गेल्या होत्या तेवढ्यात तिने तिवश्याच्या बाईला विनवले. त्या बाईला आता गमावण्यासारखे काही उरले नव्हते. दोघींनी खाटा बदलल्या आणि तोंडावर पदर घेऊन निजल्या.

सत्यभामा दुपारी कामावर आली. ही अकोल्याच्या एका शाळामास्तरांची मुलगी, लहानपणीच विधवा झालेली. वडिलांनी लोकांचे बोलणे खाऊन तिला नागपूरला नर्सिंग शिकवले होते. आदल्या दिवशी तिची सुट्टी होती आणि गोदावरी त्याच सकाळी आलेली, त्यामुळे या दोघींचे चेहरे तिने पाहिले नव्हते. पेले घेऊन ती सहा नंबरपाशी आली आणि पार्बताबाईला विचारले, "सहा नंबर ना?"

खाट बदलली हे कळले तर रागावतील, म्हणून पार्बताबाई म्हणाली, "हो बाई, सहाच."

त्या दुपारी गोदावरीला ते औषध पुन्हा पुन्हा दिले गेले. दिवस कलताना सत्यभामेने तिच्या अंगाला हात लावला तर अंग भाजत होते, आणि सहा नंबरला तर ताप नव्हता. तिने पदर दूर करून नाव विचारले. मग ती तशीच धावत डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि आपल्या तोंडाने सगळे सांगितले. तोवर गोदावरीच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. सकाळपर्यंत गर्भ पडला. गोदावरी वाचली.

सत्यभामेने काही लपवले नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गावात पुढे उलट बोलले गेले.

डॉक्टरीणबाई तिला एवढेच म्हणाल्या, "काम सोडा. खोलीत जा." त्यानंतर त्या तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. समोरून आली तर त्या हातातल्या कागदात पाहत. बाकीच्या नर्सबायांनीही तेच धरले. तिच्या खोलीत मैत्रीण म्हणून राहणारी चारुशीला दुसऱ्या खोलीत पांघरूण घेऊन गेली. त्यात दुष्टपणा होता असे मी म्हणणार नाही. उद्या आपल्या हातून असेच झाले तर, ही भीती प्रत्येकीला होती, आणि ती भीती जिच्या अंगावर दिसत होती तिच्याकडे कोणाला पाहायचे नव्हते.

बाहेरच्यांना ही सबब नव्हती. पार्बताबाई दवाखान्याच्या फाटकाशी बसून तळतळाट करी. जाणारे-येणारे उभे राहत, पानाची पिंक टाकत आणि आणखी चार शब्द घालून पुढे सांगत. चार दिवसांत गावात गोष्ट अशी झाली की ती विधवा नर्स दुसऱ्यांच्या कुशी उजवलेल्या पाहू शकत नाही, म्हणून मुद्दाम पाजते. शिकलेल्यांच्या घरीही मी हे ऐकले. माझ्या जाऊबाई मला म्हणाल्या, "तुमच्या कमिटीनं डाकीण पोसली म्हणे." मी म्हटले, "डाकीण नाही, मुलगी आहे." त्या म्हणाल्या, "मुलगीच असते आधी."

सत्यभामेने दार लावून घेतले आणि जेवण सोडले.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई त्या दाराशी जाऊन उभी राहिली. हे चारुशीलेने मला सांगितले. "काहून वं?" तिने दारावर मूठ मारली. "महारानीले ताट इथं आनून देऊ काय?"

माणिकबाईने पुन्हा मूठ मारली.

"चूक केली न? केली. मंग चूक करनाऱ्याचं पोट गळून पडते काय? ऊठ!"

दार उघडेना, तेव्हा तिने खांदा लावून कडी उपसली आणि सत्यभामेला दंडाला धरून स्वयंपाकघरात आणले. पंगत बसली होती. सत्यभामेला पाहून सगळ्या पाटावरून उठल्या. चारुशीला म्हणाली, "आम्ही हिच्याबरोबर बसणार नाही."

माणिकबाईने भाकरीची टोपली उचलून आपल्या मागे ठेवली, वरणाचे पातेले तिच्याशेजारी ओढले आणि उंबऱ्यात फतकल मारून बसली. "मंग कोनीच जेऊ नका. माहं काय जाते? भाकरी गाईले घालीन. गाय कोनाले नाव ठेवत नाही."

त्या दुपारी सगळ्या उपाशी कामावर गेल्या. संध्याकाळी मुकाट्याने येऊन बसल्या. सत्यभामा आणि पुढची बाई यांच्यात एका पाटाची जागा मोकळी सोडलेली होती.

इथपर्यंतचे वागणे कोणीही चांगलेच म्हणेल. पण माणिकबाई एवढ्यावर थांबली असती तर ती माणिकबाई कसली? सत्यभामेच्या ताटात भाकर टाकताना ती सगळ्यांसमोर विचारी, "नाव काहून नाही इचारलं?"

सत्यभामा घास हातात धरून बसे. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच, नाव का नाही विचारलंस. "काहून नाही इचारलं वं नाव? नागपूरले शिकली न तू? काय शिकवलं तिथं?" नर्सबाया माना खाली घालत. एकीदोघींना त्यात बरेही वाटत असावे.

शुक्रवारी मी तपासणीला गेले तेव्हा माझ्यासमोरच हे झाले. मी माणिकबाईला चुलीपाशी बाजूला घेतले. "हा काय दुष्टपणा? तिला आधीच इतकं दुःख झालं आहे. शांत राहू द्या तिला."

"शांत?" माणिकबाई फुंकणी आपटून म्हणाली. "ते शांत दिसून राहिली तुमाले? ते मेल्यावानी हाय. शांत आन् मेलेलं, यातला फरक समजत नाही काय तुमाले?"

"पण सगळ्यांसमोर विचारायचं? एकटीला घेऊन विचारा."

"एकटीले काहून? तोंड का कोनी एकटीनं फिरवलं? सगळ्याईनं मिळून फिरवलं न?"

कॉन्व्हेंटात आम्हांला शिकवले होते की दुसऱ्याच्या लाजेबद्दल चारचौघांत बोलू नये. मला ते आजही बरोबर वाटते. मी तिला म्हटले, "मी हे कमिटीपुढे ठेवीन."

"ठेवा. कमिटीले भाकर लागते काय संगं?"

शनिवारी कमिटी बसली. विषय दोन होते. सत्यभामेला कामावरून काढणे आणि नर्सबायांना उपाशी ठेवल्याबद्दल माणिकबाईला काढणे. अध्यक्षीणबाईंना दोन्ही एकाच ठरावात आटपायचे होते, कारण त्यांच्या घरी पाहुणे होते. डॉक्टरीणबाई एका बाजूला बसल्या होत्या. माणिकबाईला बोलावले. ती दाराशी ओल्या हातांनी उभी राहिली.

अध्यक्षीणबाईंनी विचारले, "नर्सबायांना कोणाच्या हुकमाने उपाशी ठेवलंस?"

"माह्याच."

"त्या मुलीच्या हातून एक जीव गेला आहे. कळतं का तुला?"

"कळते. रोज तिले तेच सांगून राहिली मी. तुमी काय सांगितलं तिले?"

"आम्ही काय सांगायचं?"

"तेच त इचारून राहिली. कोनं काय सांगितलं?" ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "तुमी त मोठ्या. तुमी एक शिवी तरी दिली काय? शिवी देल्ली असती त ते रडली असती, भांडली असती. तुमी कागद पाह्यता. ते समोर आली का तुमी कागद पाह्यता. त्या कागदात काय लिवलं हाय असं?"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मर्यादेनं बोल. इथं सभ्य बायका बसल्या आहेत."

"शिव्या देनाऱ्याच्या घरी मानूस राहू शकते, बाई. न बोलनाऱ्याच्या घरी नाही राहू शकत. मी राहून पायलं हाय." एवढे बोलून ती वळली आणि कोणी जा म्हणण्याआधी निघून गेली.

मग डॉक्टरीणबाई तुटकपणे म्हणाल्या की सत्यभामेवर आपला विश्वास उरलेला नाही, पण तापाचे दिवस आहेत आणि वॉर्डात माणसे कमी आहेत. सोमवारी तिने कामावर यावे. गोदावरी अजून वॉर्डातच आहे, तिची औषधेही तिनेच द्यावीत. ते जमले तर राहील, नाही जमले तर त्याच दिवशी अकोल्याची गाडी धरील. ही दया होती की शिक्षा, हे मला तेव्हा कळले नाही. डॉक्टरीणबाईंनाही कळले असेल असे वाटत नाही. माणिकबाईचा ठराव पाहुण्यांमुळे पुढे ढकलला गेला.

हा निरोप सत्यभामेला सांगायचे काम माझ्याकडे आले. रविवारी दुपारी मी गेले तेव्हा पंगत बसली होती. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण. मी शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितले.

सत्यभामा म्हणाली, "मी वॉर्डात जाणार नाही. उद्या बाबांकडे जाते." कित्येक दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"जा न," माणिकबाई भाकर टाकत म्हणाली. "कोनं धरलं तुले? पन सांगून जा. नाव काहून नाही इचारलं?"

"माणिकबाई, पुरे!" मी ओरडले.

पण माझ्याआधीच सत्यभामेने ताट भिरकावले होते. वरण माझ्या निऱ्यांवर सांडले. ती पाटावर उभी राहिली, आणि तिचा आवाज असा निघाला की बाहेर झाडणारी बाई दारात आली.

"कशी विचारू? विचारलं तर सांगतात का? पदर तोंडात कोंबून बसतात! वॉर्डात एकाच नावाच्या तीन-तीन बाया असतात. कोणाची कोण म्हणून नवऱ्याचं नाव विचारावं तर जशी मी त्यांची अब्रूच मागते! सासू विचारते, तुला काय करायचं? म्हणून नंबर विचारते मी. सगळ्याच विचारतात! ही विचारते, ती विचारते, ही चारुशीलाही नंबरच विचारते! आणि म्हातारी हो म्हणाली!"

"आन् तू ऐकलं."

"ऐकलं! मीच ऐकलं! मीच पाजलं! डोकं मांडीवर घेऊन पाजलं. ती म्हणाली, कडू हाय माय, नको. तर मी रागावले तिला. मी रागावले! म्हटलं, नखरे करू नकोस, तुझ्याच भल्याचं आहे."

हे शेवटचे कोणालाच माहीत नव्हते. तिने ते कोणाला सांगितले नव्हते, कारण तिला कोणी काही विचारलेच नव्हते. ती पाटावर खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. ते रडणे बघवत नव्हते. नाक वाहत होते, पदराचे भान नव्हते. मला वाटले, आता तरी माणिकबाई तिच्या पाठीवरून हात फिरवील.

तिने दुसरे ताट घेतले, त्यात भाकर टाकली आणि सत्यभामेच्या पुढ्यात सरकवले. "खाय. सांडलेलं वरन पुसायचं हाय तुले. मी नाही पुसनार."

सत्यभामा रडत रडत जेवली. मोकळ्या सोडलेल्या पाटावर चारुशीला सरकून बसली आणि तिने पाण्याचा लोटा सत्यभामेकडे ढकलला. बोलली मात्र नाही. वरण सत्यभामेनेच पुसले. माझ्या निऱ्यांवरचा हळदीचा डाग निघाला नाही.

सोमवारी सकाळी मला वॉर्डात हजर राहायला सांगितले होते. सत्यभामा पेल्यांचे तबक घेऊन आली. पेले एकमेकांवर वाजत होते. वॉर्डाच्या दारात माणिकबाई येऊन उभी होती. स्वयंपाकिणीने तिथे यायचे नसते. मी तिला जा म्हणून खूण केली. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

गोदावरी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुकलेला, डोळे कोरडे. पायथ्याशी पार्बताबाई. सत्यभामेला पाहताच ती उठली.

"आली! आली डाकीन! आता काय उरलं वं घ्यायले? माह्या सुनेचा जीव पायजे?"

सगळ्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. सत्यभामा थांबली. तिने मागे वळून दाराकडे पाहिले.

"माह्याकडं काय पाह्यतं?" माणिकबाई तिथून खेकसली. "तिकडं पाय."

सत्यभामा खाटेपाशी गेली. "तुमचं नाव सांगा."

गोदावरीने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेबद्दल मी लिहू शकत नाही. "तुले माईत नाही माहं नाव?"

"माहीत आहे. तुम्ही सांगा. त्याशिवाय मी औषध देणार नाही."

"हिचं थोबाड पाहा!" पार्बताबाई म्हणाली. "घेऊ नको गोदे, काहीच घेऊ नको हिच्या हातचं."

सत्यभामा तबक धरून उभीच राहिली. शेवटी गोदावरी म्हणाली, "गोदावरी."

"नवऱ्याचं नाव?"

वॉर्डात कोणीतरी "अगं बाई" म्हटले. सून सासूसमोर नवऱ्याचे नाव कशी घेणार? पार्बताबाई पुढे आली. "मी सांगतो. माह्या लेकाचं नाव—"

"तुम्ही नाही," सत्यभामा म्हणाली. "तुम्हांला एकदा विचारलं होतं. यांनाच सांगू द्या."

पार्बताबाई पायथ्याशी खाली बसली.

"नत्थुजी," गोदावरी म्हणाली. मग सासूकडे पाहून, मोठ्याने, दात खाऊन म्हणाली, "नत्थुजी! नत्थुजी! नत्थुजी! झालं? ऐकलं सगळ्याईनं?"

तिने पेला हिसकावून घेतला. सत्यभामेने मानेखाली हात द्यायला पुढे केला तो तिने झटकला. आपल्या हाताने औषध प्याली आणि शेवटचा घोट सत्यभामेच्या पायाशी थुंकली.

सत्यभामेने फडक्याने फरशी पुसली, तबक उचलले आणि पुढच्या खाटेपाशी जाऊन म्हणाली, "तुमचं नाव सांगा." मी दाराकडे पाहिले तर माणिकबाई निघून गेली होती. तिची चूल पेटलेली होती.

यात कोणी कोणाला क्षमा केली नाही. गोदावरी बरी होऊन घरी गेली आणि पुढे तिचे काय झाले ते मला कळले नाही. सत्यभामा नोकरीत राहिली. प्रत्येक बाईला स्वतःच्या तोंडाने नाव सांगायला लावी, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारी येत. "निर्लज्ज नर्स" असे तिला म्हणत. अजूनही ती तेच करते. माणिकबाईने त्या दिवसापासून तो प्रश्न विचारणे सोडले, पण टोमणे मारायला तिला दुसरे विषय कमी नव्हते. दोघी वर्षानुवर्षे भांडत राहिल्या.

आणि सत्यभामेने गोड करू नका म्हटले आहे, म्हणून हेही लिहिते. दोन वर्षांनी चारुशीलेच्या हातून एक तान्हे मूल आंघोळ घालताना निसटले. मूल वाचले, पण त्याचा पाय कायमचा अधू झाला. माणिकबाईने तिलाही तसेच ओढून पंगतीत बसवले आणि तसेच विचारायला सुरुवात केली, "हात काहून सुटला?" तिसऱ्या दिवशी चारुशीला ट्रंक घेऊन निघून गेली. ती कुठे गेली ते आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही. सत्यभामा तिला शोधायला तिच्या गावी जाऊन आली, तिथेही ती नव्हती. त्या दिवशी माणिकबाईने सगळ्यांना वाढले आणि स्वतः बसली नाही. मी विचारले तर म्हणाली, "भूक नाही. तुमचं काय जाते?"

तेव्हा तिची रीत औषध होती असे मी म्हणणार नाही. एकीला ती लागू पडली आणि एकीला नाही. पण त्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंपासून आम्हा कमिटीच्या बायकांपर्यंत, दुसरी कोणतीच रीत कोणापाशी नव्हती.

पुढे डोळे गेल्यावर माणिकबाई बार्शीटाकळीला पुतण्याकडे राहिली. सत्यभामेची बदली अकोल्याला झाली होती, तिथून ती सुट्टीच्या दिवशी जाऊन येई. "कशाला जात होतीस?" मी आज विचारले. "भांडायला," ती म्हणाली. शेवटच्या दिवशीही ती तिथेच होती. शेवटी माणिकबाई काय म्हणाली, असे विचारले, तर सत्यभामा म्हणाली, "पाणी कोमट आहे म्हणाली. शिवी देऊन."

डायरीत संध्याकाळी लिहिले ते असे: नवी तूर भरडून आणली. डाळ पाखडून डब्यात भरली. मोडक्या डाळीची चुरी निघाली ती टाकली नाही, वेगळी ठेवली आहे.